ल्यूटच्या तारा : जोडीला वरचं सप्तक कुठे द्यावं?

प्रश्न : सहा जोड्यांचं (शेजारी शेजारी लावलेल्या दोन तारा म्हणजे एक जोडी), जी (G) स्वरात लावायचं रेनेसाँ ल्यूट, म्हणजे सोळाव्या शतकातलं युरोपी तंतुवाद्य, घेतलं आहे. आडापासून घोडीपर्यंत तारेची लांबी ६० सेंटिमीटर. इटलीचे फ्रांचेस्को दा मिलानो आणि इंग्लंडचे जॉन डाउलंड, ल्यूटच्या या दोन्ही जुन्या रचनाकारांचं वाजवायचं आहे. तारा किती जाडीच्या घ्याव्यात? खालच्या जोड्यांत एक तार वरच्या सप्तकातली लावावी, की दोन्ही एकाच स्वराच्या?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी सप्तकाचं ठरवा, मग जाडीचं. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या जोडीत एक तार खर्जाची आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली असे. याचं कारण तातीत आहे. सारंगीला असते तीच ही आतड्याची तात. सहाव्या जोडीला ती जवळपास दीड मिलिमीटर जाड लागते. एवढी जाड तार ताठ असते, नीट लवत नाही आणि आवाज बोथट निघतो. शेजारची बारीक तार त्याला धार देते. तारेवर धातू गुंडाळण्याची युक्ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. फ्रांचेस्कोंच्या (१४९७–१५४३) काळी ती नव्हती. डाउलंड यांनी मात्र १६१० मध्ये लंडनला छापलेल्या सूचनांत, सप्तकाची जोडी संगीताच्या नियमांत बसत नाही म्हणून जाणकारांनी ती सोडली आहे, असं म्हटलं.

खरी अडचण चौथ्या जोडीत येते. ती एफ स्वराची. तिथे एफसोबत वरचा एफ लावला, तर तो दुसऱ्या जोडीच्या मोकळ्या डीच्याही वर जातो. फ्रांचेस्कोंच्या फँटसिया नावाच्या रचनांत एका आवाजाची, म्हणजे एका सुरावटीची, ओळ दुसरा आवाज मागोमाग उचलतो. अशा वेळी हा एफ मध्येच सुरावटीच्या डोक्यावर बसतो आणि कोणता आवाज कुठे चालला आहे ते कानाला कळत नाही. दोघांचंही वाजवायचं असेल, तर पाचव्या-सहाव्या जोडीला सप्तक द्या आणि चौथी एकाच स्वरात ठेवा. खर्जाला धातू गुंडाळलेली तार घेणार असाल, तर सप्तक नकोच. ती तार मुळातच लख्ख आणि लांब घुमणारी असते. बारीक तार तिच्याशेजारी टोचते.

आता जाडी. ए ४४० (स्वर जुळवण्याचं आजचं प्रमाण) धरून, तातीच्या किंवा तातीइतक्याच घनतेच्या कृत्रिम तारेचा हिशेब असा : पहिली एकटी तार, जी, ०.४२ मिलिमीटर, ताण सुमारे चार किलो. बाकी तारांना तीन किलो पुरे : डी ०.४८, ए ०.६४, एफ ०.८१, सी १.०८, खालचा जी १.४४. सप्तकाच्या तारा पावणेतीन किलोवर ठेवा, म्हणजे त्या खर्जावर कुरघोडी करत नाहीत : सीसाठी ०.५२, जीसाठी ०.६९. फ्लुओरोकार्बनची कृत्रिम तार तातीपेक्षा जड असते, म्हणून तिची जाडी साधारण ०.८५ पट घ्या. एची जोडी ०.५५ ची होईल आणि आवाज मोकळा होईल. खर्जाला तांब्याची भुकटी मिसळून जड केलेल्या तारा मिळतात. पाकिटावर छापलेली जाडी खरी आहे की तातीच्या तुलनेतली, ते नीट वाचा. इथेच बहुतेक खरेदी चुकते.

गिटारच्या तारा कधीही चढवू नका. ०.७१ ची नायलॉनची तार पहिल्या तारेच्या जीपर्यंत ओढली, तर एकटीचा ताण नऊ किलोंवर जातो. ल्यूटची तबली जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटरची असते आणि घोडी तिच्यावर नुसती चिकटवलेली असते. ती उखडून येते.

सप्तकाच्या जोडीत आणखी एक गोष्ट बिघडते. दोन्ही तारांचे तळ एका पातळीत असले, तर जाड तारेची पाठ पाऊण मिलिमीटर वर राहते, अंगठा तिच्यावरून घसरतो आणि बारीक तार वाजतच नाही. घोडीशी बारीक तारेला एक जास्तीचा वेढा देऊन ती उचला, पाठी सारख्या करा.

लावताना एक तार बोटाने दाबून मुकी ठेवा. आधी खर्ज लावा, मग सप्तक. पडताळा सोपा आहे : सहावीचं सप्तक म्हणजे चौथ्या जोडीचा दुसरा पडदा, पाचवीचं म्हणजे तिसऱ्या जोडीचा तिसरा.

प्रश्न : माझ्या ल्यूटची लांबी ६६ सेंटिमीटर आहे. पहिली तार जीला पोचता पोचता तुटते. जाड तार लावू का?

उत्तर : नको. जाडी वाढली की ताण वाढतो, पण तारेचा छेदही त्याच प्रमाणात वाढतो. ती त्याच स्वराला तुटेल. मीटरमधली लांबी आणि स्वराची कंपनसंख्या यांचा गुणाकार पाहा. तात २४० पर्यंत निभावते, २६० च्या आसपास तुटते. तुमचा गुणाकार ०.६६ × ३९२, म्हणजे २५९ येतो. सगळं वाद्य एका स्वराने उतरवून पहिली तार एफला लावा. तो २३० होईल. तरीही दर वेळी आडापाशीच तुटत असेल, तर खाचेची कड धारदार आहे. ती बारीक पॉलिश पेपरने गोल करा आणि खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

प्रश्न : कोकणात तात टिकेल का?

उत्तर : पावसाळ्यात नाही. ती ओल धरते, सूर ढळतो, धागे सुटतात. जून ते सप्टेंबर कृत्रिम तारा ठेवा.