वयाच्या पन्नाशीत वर्गात व्हिडिओ गेम वापरायला शिकता येईल का? सुरुवात कोणत्या गेमपासून करावी?

येईल. मी 51 व्या वर्षी शिकले. गेमचं नाव सांगतेच, पण आधी तुमचं एक वाक्य घेते. तुम्ही लिहिलंय, 'मुलांसमोर हसं होईल याची भीती वाटते.' होतं हसं. ते काही टळत नाही.

मी मराठी टायपिंग 30 पास झालेली बाई. कीबोर्डवर हात टेकला की बोटं आपोआप ए-एस-डी-एफवर जाऊन बसतात. गेममध्ये मधलं बोट डब्ल्यूवर हवं आणि उजवा हात माउसवर. पहिले दोन दिवस मी नुसती आभाळाकडे बघत मागे सरकत होते. मग स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडले आणि वर येता येईना. सहावीतला एक पोरगा, जो एरवी हजेरीलासुद्धा पुटपुटतो, मागून म्हणाला, "बाई, उडी मारा आणि पायाखाली ठोकळा ठेवा की." तसं केलं, वर आले. त्या पोराचा अभ्यास सुधारला वगैरे काही नाही. पण तेव्हापासून माझ्याशी बोलतो.

गेम म्हणजे लुआंटी. 2024 पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. माइनक्राफ्टसारखंच ठोकळ्यांचं जग, पण फुकट आणि जुन्या संगणकांवर चालणारं. नुसतं लुआंटी टाकलं तर आत खेळण्यासारखं फारसं काही नसतं, खेळ वेगळा उतरवून घ्यावा लागतो. ते एकदा नेट असलेल्या ठिकाणी करून घ्या, पुढे नेट लागत नाही. एका संगणकावर सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं सामाईक जग, चालू करायचा आणि बाकीचे लॅनने, म्हणजे शाळेतल्या शाळेत जोडणाऱ्या जाळ्याने, त्याला जोडायचे. माइनक्राफ्टची शाळांसाठीची आवृत्ती 2016 मध्ये आली, पण तिचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. आमच्या शाळेत खडूच्या पेटीसाठी दोनदा आठवण करावी लागते. संगणक 9, त्यातले चालू 5. भाच्याने पेनड्राइव्हवरून सगळं टाकून दिलं.

आता मूळ गोष्ट. माझी शाळा कोल्हापूरपासून बसने अर्ध्या तासावर. भूगोलाच्या तासाला मी मुलांना सांगितलं, पंचगंगा बनवा. पाच गटांनी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वतीसुद्धा आणून प्रयागला, म्हणजे चिखलीजवळच्या त्यांच्या संगमावर, सोडली. पुढे बंधारा बांधला, कोल्हापुरी पद्धतीचा. बर्गे म्हणून लाकडाच्या फळ्या लावल्या. मी म्हटलं, आता पूर आणून दाखवा.

येईना. पाच नद्या सोडल्या तरी पातळी एक ठोकळासुद्धा चढली नाही. त्या गेममधलं पाणी सपाट जमिनीवर सात-आठ घरं पसरतं आणि आपोआप थांबतं. शिवाय ते आटतही नाही. दोन बादल्या पाणी नीट ओतलं की कितीही उपसा, तेवढंच राहतं. पोरं वैतागली. चिखलीची एक मुलगी आहे, तिचं घर 2019 ला आणि 2021 ला, दोन्ही वेळा पाण्यात होतं. ती उठली. "मी सांगतो बाई," (आमच्याकडच्या मुली असंच बोलतात, पुण्याच्या वाचकांनी सुधारू नये) "हे पाणी खोटं हाय. पुराचं पाणी समोरनं येतच न्हाई. मागनं, उसातनं येतंय. फुगवट्याचं."

फुगवटा, म्हणजे पुढे अडलेलं पाणी मागे चढतं ते, हा शब्द आमच्या पाठात नाही. पण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून दर पावसाळ्यात मोठी माणसं भांडतात, तो या पोरांनी दूध पिताना ऐकलेला आहे. मी फळ्यावर दोन रकाने पाडले, एकात गेममधलं पाणी आणि दुसऱ्यात पंचगंगेचं पाणी. गेमचं पाणी चढत नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांवर इशारा देते, 43 ला धोका, आणि 2019 ला 55 च्या वर गेली. राधानगरीचे 7 स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, गेममध्ये फळी कुणीतरी हाताने काढावी लागते. तीस वर्षांत भूगोलाचा असा तास मी घेतलेला नाही.

आणि नेमके तेव्हाच वरून एक साहेब तपासणीला आले. स्क्रीनवर एक पोरगा बुडत होता. "बाई, हे काय चाललंय?" "भूगोल, साहेब." फळ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. शेरेबुकात लिहिलं, 'विद्यार्थी तासाला संगणकावर खेळताना आढळले.' आढळले! चोरीचा माल आढळतो तसे. वर लेखी खुलासा मागितला. मी दोन ओळींत दिला, कारण नोकरी करायची होती. खरा खुलासा हा वर लिहिलाय तो.

मग स्टाफरूममध्ये आमच्या एका गुरुजींनी तोडगा काढला, प्रश्नमंजूषेचे खेळ घ्या, बरोबर उत्तराला चांदणी, शंभर चांदण्यांना ट्रॉफी, साहेबही खूश. मला हे तेव्हाही पटलं नाही. तो खेळ नाही, ती फटाके लावलेली घटक चाचणी. तिथे प्रश्न आधीच ठरलेला आणि उत्तरही. लुआंटीत गेम चुकत होता आणि ते मुलांनी पकडलं. चांदण्यांच्या खेळात चुकतं ते फक्त पोर.

गुरुजींचं दुसरं म्हणणं, चाळीस पोरं, पाच संगणक, कसं व्हायचं? गुरुजी, 'द ओरेगॉन ट्रेल' हा खेळ 1971 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉन रॉविच या शिकाऊ शिक्षकाने दोन मित्रांना घेऊन इतिहासाच्या तासासाठी बनवला. त्याला पडदाच नव्हता. टेलिटाइप या टाइपरायटरसारख्या यंत्रावर कागद छापून येई आणि पोरं घोळका करून वाचत. एकाने टाइप करायचं, एकाने नकाशा बघायचा, एकाने हिशेब ठेवायचा. आमच्याकडेही एका संगणकामागे आठजण बसतात, आणि खरा भूगोल त्या आठांच्या भांडणातच होतो.

तुमचा विषय कोणता ते तुम्ही लिहिलं नाही. भाषा असेल तर माझा उपयोग नाही, व्याकरणाला मला अजून एकही खेळ सापडलेला नाही. विज्ञानाला ठोकळे चालतील, पण गुरुत्वाकर्षण शिकवू नका. त्यात झाडाचा बुंधा तोडला तरी शेंडा हवेत लटकतो. किंवा तेच शिकवा.

आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं. माउस पोरं सोडत नाहीत आणि मुली मागच्या बाकावर जातात. माझ्या वर्गात पहिले दोन तास असंच झालं, मला कळलंही नाही. आता माउस मुलीकडे, पोरगा शेजारी बसून सांगणार. आठवड्याला एकच तास, तोही स्वतः घरी खेळून बघितल्याशिवाय नाही. आणि मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या. मी तोंडी घेतली होती.