रानघोड्यांचा कळप : प्रश्न तुमचे, उत्तरे जाणकारांची

प्रश्न : मोकळे फिरणारे सगळेच घोडे खरोखर जंगली असतात का?

उत्तर : बहुतेक नसतात. अमेरिकेतले मस्टँग, कॅनडाच्या सेबल बेटावरचे घोडे, नामिबियातले गारूबचे घोडे आणि भारतात आसामच्या दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानातले घोडे ही सगळी पाळीव घोड्यांचीच प्रजा आहे. कधी काळी सुटली आणि पिढ्यान्‌पिढ्या रानातच वाढली. मंगोलियातला ताखी, म्हणजे प्रझेवाल्स्कीचा घोडा, मात्र वेगळा आहे. त्याची गुणसूत्रे ६६ आणि पाळीव घोड्याची ६४. त्याची आयाळ आखूड आणि ताठ उभी असते, कपाळावर झुलपं नसतात. १९६० च्या दशकाअखेरीस तो रानातून नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या जनावरांपासून वंश वाढवून १९९२ पासून त्याला मंगोलियात परत आणले गेले.

हा फरक मुख्यतः कायद्यात जाणवतो. अमेरिकेने १९७१ मध्ये मोकळ्या घोड्यांसाठी स्वतंत्र कायदा केला, पण अनेक ठिकाणी रानात वाढलेला पाळीव वंशाचा घोडा ना वन्यजीवांच्या यादीत बसतो, ना कुणाच्या मालकीचा असतो. कळपासाठी काही करायचे असेल तर तो कोणाच्या अखत्यारीत येतो ते आधी लेखी विचारून घ्या. निरीक्षणाची पद्धत दोन्हींना एकच आहे.

प्रश्न : कळपाच्या किती जवळ जावे? दुर्बीण कोणती घ्यावी?

उत्तर : पर्यटकांसाठीचे नियम जागेप्रमाणे बदलतात. अमेरिकेच्या असाटीग बेटावर किमान ४० फूट, सेबल बेटावर २० मीटर. पण तिथल्या घोड्यांना माणसाची सवय आहे. नोंदी घ्यायच्या असतील तर १०० मीटर किंवा त्याहून लांबच थांबा. ८×४२ किंवा १०×४२ ची (पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये) दुर्बीण या अंतराला पुरते. ३०० मीटरच्या पलीकडे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची शक्तिशाली दुर्बीण) हवा, कारण हातात धरलेल्या दुर्बिणीतून पायांवरच्या खुणा दिसत नाहीत.

खरे माप घोडेच देतात. एकाने चरणे थांबवून मान वर केली आणि दोन्ही कान तुमच्या दिशेने रोखले, की तिथेच थांबा. तीन-चार माना वर झाल्या, घोड्या एकमेकींजवळ सरकल्या, किंवा नर तुमच्या आणि कळपाच्या मध्ये येऊन उभा राहिला, तर मागे फिरा. कळप पळाला तर त्या दिवसाची नोंद तुमच्यामुळे झालेल्या पळापळीची असते, त्यांच्या दिनक्रमाची नव्हे.

सरळ रेषेत त्यांच्याकडे चालत जाऊ नका. तिरके, नागमोडी, मध्ये थांबत जा आणि त्यांना दिसत राहा. लपतछपत जाऊन अचानक समोर येणे सर्वांत वाईट, कारण शिकारी प्राणी तसेच येतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. नाकासमोरचा आणि शेपटीमागचा चिंचोळा भाग तेवढा दिसत नाही, तिथून येणारा माणूस त्याला दचकवतो. कळप आणि पाणी यांच्या मध्ये, किंवा घोडी आणि शिंगरू यांच्या मध्ये कधीही उभे राहू नका. कुत्रा बरोबर नको. ड्रोनही नको. तो खाली आला की कळप उधळतो आणि लहान शिंगरे मागे पडतात.

प्रश्न : तासन्‌तास बघतो, पण नोंदवहीत लिहायचे काय?

उत्तर : जागेवर बसल्यावर पहिली २०-३० मिनिटे काहीच लिहू नका. कळपाला तुमची सवय होऊ द्या. मग दर १० मिनिटांनी कळपावरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवा आणि प्रत्येक जनावर त्या क्षणी काय करते आहे ते एका अक्षराने लिहा : च (चरणे), उ (उभ्याने विश्रांती), आ (आडवे), चा (चालणे), पा (पाणी), दू (दूध पिणे किंवा पाजणे), भां (भांडण). ठरावीक वेळेची शिस्त यासाठी, की नाहीतर नजर भांडणाकडेच जाते आणि वहीत भांडणांचीच गर्दी होते. प्रत्यक्षात चांगल्या कुरणातही घोड्याचा दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ चरण्यात जातो.

दिसले ते लिहा, अर्थ नंतर लावा. ‘नर चिडला’ ही नोंद नव्हे. ‘मान जमिनीलगत ताणली, कान मागे पाडले, डोके डोलवत घोडीला पुढे हाकलले’ ही नोंद. यावरून नर आपल्या घोड्यांना दुसऱ्या नरापासून दूर नेत होता हे पुढे वाचणाऱ्यालाही कळते. वारा, ऊन, पाण्यापासूनचे अंतर आणि माश्यांचा त्रास यांचा एकेक रकाना ठेवा. भर दुपारी कळप उघड्या टेकाडावर का उभा राहतो याचे उत्तर बरेचदा माश्यांच्या रकान्यात सापडते.

प्रश्न : सगळे घोडे सारखेच दिसतात. एकेक ओळखायचा कसा?

उत्तर : हे जमले की बाकीची कामे सोपी होतात आणि हे न जमता केलेली गणती हमखास चुकते. एकच टोळी सकाळी ओढ्यावर आणि संध्याकाळी टेकडीमागे मोजली जाते आणि कळप कागदावर वाढतो.

प्रत्येक जनावराला वहीत एक पान द्या. त्यावर चार फोटो : डावी बाजू, उजवी बाजू, समोरून चेहरा, मागून पाय. दोन्ही बाजू हव्याच, कारण पांढरे पट्टे आणि व्रण एकाच अंगाला असू शकतात. रंगापासून सुरुवात करा, पण रंगावर थांबू नका. हिवाळी केस आले की कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडा काळपट दिसतो आणि उन्हाळ्यात काळा घोडा तांबूस पडतो. कपाळावरचा चांद, नाकावर उतरणारा पट्टा, ओठांमधला पांढरा ठिपका, कोणत्या पायाला पांढरे आणि कुठपर्यंत (खुराच्या कडेपर्यंत, घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत) या खुणा जन्मभर राहतात. अबलख (पांढऱ्या ठिपक्यांच्या) घोड्याच्या ठिपक्यांची कड फोटोवरून कागदावर उतरवून घ्या.

ताखीसारख्या एकरंगी घोड्यांमध्ये खरी कसोटी लागते. तिथे कपाळावरचे केसांचे भोवरे बघा. एक की दोन, डोळ्यांच्या रेषेच्या वर की खाली, मधोमध की बाजूला. याशिवाय कानाची फाटलेली कड, पायांवरचे आडवे पट्टे, जुने व्रण. लांब आयाळीच्या पाळीव वंशाच्या घोड्यांत आयाळ कोणत्या बाजूला पडते एवढ्यावरच विसंबू नका, ती वाऱ्याने बदलते.

पानाच्या तळाशी तीन गोष्टी : लिंग, अंदाजे वय, आणि कोणाबरोबर असतो. रानघोडे कुटुंबाने राहतात. साधारणपणे एक नर, काही घोड्या आणि त्यांची पिल्ले. दोन-तीन वर्षांची झाली की पिल्ले बाहेर पडतात. मादी दुसऱ्या कुटुंबात जाते, नर तरण्या नरांच्या टोळीत. त्यामुळे या वयाचे जनावर दिसेनासे झाले तर मेले असे लगेच लिहू नका. ‘गेले’ लिहा आणि शेजारच्या टोळ्यांत शोधा.

प्रश्न : शिंगरू गवतात एकटेच निपचित पडलेले दिसले. उचलून आणावे का?

उत्तर : नाही. पोटभर दूध प्यायलेले शिंगरू आडवे पडून गाढ झोपते आणि घोडी थोड्या अंतरावर चरत असते. तुम्ही जवळ गेलात तर घोडी लांब जाते आणि मग ते खरोखर एकटे पडते.

लांब थांबून बघत राहा. निरोगी शिंगरू जन्मल्यानंतर तासा-दोन तासांत उभे राहते आणि दूध शोधू लागते. पहिल्या आठवड्यात ते तासातून अनेकदा पिते. म्हणून दोन तासांत एकदाही प्यायले नाही, उठताना धडपडते, किंवा घोडीची कास तटतटलेली आहे आणि आचळांतून दूध गळते आहे, तर काहीतरी बिघडले आहे. जागेचा अक्षांश-रेखांश आणि फोटो घेऊन वनखाते किंवा कळप सांभाळणाऱ्या यंत्रणेला कळवा. घरी नेऊन गाईचे दूध पाजू नका. त्यातले साखरेचे आणि स्निग्धांशाचे प्रमाण घोडीच्या दुधापेक्षा वेगळे असते, शिंगराला हगवण लागते.

प्रश्न : दोन नर भांडत होते, एक रक्तबंबाळ झाला. मध्ये पडायला हवे होते का?

उत्तर : नको होते. बहुतेक भांडणे ताठ मान, ओरडणे आणि एकमेकांच्या लिदीचा वास घेण्यावरच मिटतात. मानेवरचे चावे वरवरचे असतात, बरे होतात. जखमी नराचा फोटो घेऊन दोन-तीन दिवसांनी पुन्हा शोधा. लंगडतो आहे आणि पाण्यापर्यंत पोचत नाही एवढे दिसले तरच कळवा.

प्रश्न : उन्हाळ्याअखेर घोडे हडकुळे दिसतात. चारा टाकावा का?

उत्तर : आधी किती हडकुळे ते ठरवा. १९८३ पासून वापरात असलेल्या हेनेके पद्धतीत १ ते ९ गुण देतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अति स्थूल. बरगड्या, पाठीचा कणा, शेपटीचे मूळ, खांद्यामागचा भाग, मानेच्या मुळाशी खांद्यांवरचा उंचवटा आणि मान पाहायची. हिवाळी केसांत बरगड्या झाकल्या जातात, तेव्हा कणा आणि पुठ्ठ्याची हाडे बघा. रानात ४-५ गुण उत्तम. दूध पाजणारी घोडी टंचाईच्या दिवसांत ३ वर आली तर लगेच घाबरू नका. एकच जनावर खंगले असेल तर दात, म्हातारपण किंवा आजार. सगळ्या घोड्या खंगल्या आणि तरण्या नरांच्याही बरगड्या दिसू लागल्या, तर कुरण किंवा पाणी संपले आहे.

आता चाऱ्याचे. पोळी, भाकरी, धान्य, गूळ, फळे काहीही देऊ नका, ही विनंती नव्हे, आग्रह आहे. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव गवतावर पोसलेले असतात. अचानक पिष्टमय खाणे आले की आम्ल आणि वायू वाढून पोटशूळ होतो, खुरांच्या आतली सूज येऊन जनावर कायमचे लंगडे होऊ शकते. उपाशी घोड्याला एकदम सकस खुराक दिला तर रक्तातले क्षार ढासळून तो काही दिवसांतही मरतो. शिवाय हातून खाणे मिळू लागले की घोडे रस्त्यावर येतात. असाटीग बेटावर घोडे अशा सवयीने गाड्यांखाली आलेले आहेत.

पशुवैद्यक आणि संबंधित खात्याने चारा द्यायचा ठरवलाच, तर फक्त सुके, बुरशी नसलेले, तणाचे बी नसलेले गवत. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण ५ ते ७ किलो सुका चारा लागतो, पण पहिल्या दिवशी त्याचा लहानसा भागच द्या आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. जनावरांपेक्षा जास्त ढीग करा आणि ते १०-१५ मीटर अंतरावर ठेवा. कमी ढीग असले की दांडगी घोडी खाते आणि ज्यांना गरज आहे त्याच उपाशी राहतात.

पाण्याकडे चाऱ्याआधी बघा. मोठ्या घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागते, पाजणाऱ्या घोडीला उन्हात त्याहून अधिक. अनेकदा गवत असते पण पाणवठा आटलेला किंवा कुंपणापलीकडे गेलेला असतो.

प्रश्न : कळप वाढत चालला आहे. घोडे पकडून हलवण्याशिवाय काही उपाय?

उत्तर : आहे, पण तो चिकाटीचा आहे. शिकारी प्राणी नसतील आणि कुरण चांगले असेल तर कळप वर्षाला १५-२० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. अशा ठिकाणी पीझेडपी ही गर्भप्रतिबंधक लस वापरतात. डुकराच्या बीजांडावरील आवरणातल्या प्रथिनांपासून ती बनते. घोडीच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि शुक्राणू बीजांडाला चिकटू शकत नाही. आधीच गाभण असलेल्या घोडीच्या गर्भाला धोका नसतो. असाटीगच्या मेरीलँड राज्याकडच्या कळपात १९९४ मध्ये ती डार्टने (बंदुकीतून लांबून मारायच्या औषधाच्या सुईने) द्यायला सुरुवात झाली.

पहिली मात्रा, काही आठवड्यांनी दुसरी, मग दरवर्षी एक. चुका ठरलेल्या आहेत. दुसरी मात्रा विणीच्या हंगामाआधी पोचत नाही. डार्ट लागतो पण औषध आत जात नाही, म्हणून पडलेला प्रत्येक डार्ट शोधून तपासावा लागतो. आणि एकाच घोडीला दोनदा, दुसरीला एकदाही नाही असे होते. ओळखवही नसलेल्या कळपात हा कार्यक्रम हाती घेऊच नये. आकडा लगेच उतरेल ही अपेक्षाही ठेवू नका. वारंवार न विणारी घोडी धडधाकट राहते आणि जास्त वर्षे जगते, त्यामुळे सुरुवातीला कळप फक्त स्थिरावतो.

प्रश्न : शेजारचे पाळीव घोडे कळपात मिसळतात. त्याने काय बिघडते?

उत्तर : ताखीच्या बाबतीत खूप. ताखी आणि पाळीव घोडा यांचे पिल्लू ६५ गुणसूत्रांचे आणि प्रजननक्षम असते, त्यामुळे संकर पिढ्यांत पसरत जातो. दुसरा धोका रोगांचा, विशेषतः गोचिडांमुळे होणारा पायरोप्लाझ्मोसिस आणि घशाच्या गाठी सुजवणारा स्ट्रँगल्स.

कुंपण घालायचे तर काटेरी तार नको. घाबरलेला घोडा तार न पाहता धडकतो आणि अडकलेला पाय ओढताना कातडी सोलून निघते. गुळगुळीत तार घ्या, वरची ओळ लाकडी किंवा रुंद पांढऱ्या पट्टीची करा म्हणजे लांबून दिसते. खालची तार जमिनीपासून ४० सेंटिमीटर वर ठेवली तर लहान प्राणी जाऊ शकतात. कोपरे गोल ठेवा, कारण पाठलागात मागे हटणारा घोडा टोकदार कोपऱ्यात कोंडतो. आणि जुनी पडकी तार आधी गुंडाळून काढा. नव्या कुंपणापेक्षा गवतात लपलेली जुनी तारच जास्त पाय कापते.

प्रश्न : कळप एकाच सुरक्षित जागी ठेवणे चांगले नाही का?

उत्तर : २००९-१० च्या हिवाळ्यात मंगोलियाच्या गोबीत कडाक्याची थंडी आणि खोल बर्फ पडला. तिथे सोडलेल्या ताखींपैकी निम्म्याहून अधिक त्या एका हंगामात मेले. ते आपल्या ठरलेल्या लहान टापूतच राहिले. त्याच प्रदेशातली खुलान गाढवे दूरवर भटकणारी, ती कमी बर्फाच्या भागात गेली आणि त्यांची हानी पुष्कळ कमी झाली. म्हणून कळप एकमेकांपासून लांबच्या दोन-तीन जागी असावेत आणि प्रत्येक जागी संकटकाळी सरकायला रान मोकळे असावे.

प्रश्न : कळपाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकावेत का?

उत्तर : टाका, पण जागा कळू देऊ नका. फोनच्या कॅमेऱ्यातली स्थाननोंद बंद करा, ओळखू येणारी टेकडी किंवा पाणवठा चौकटीबाहेर ठेवा आणि ताजा फोटो आठवडाभर उशिरा टाका. दिब्रू-सैखोवातले घोडे पकडून नेल्याचे प्रकार घडलेले आहेत. विणीच्या दिवसांत तर शिंगरांची जागा सहकाऱ्यांच्या गटातही लिहू नका, फक्त कळप सांभाळणाऱ्या यंत्रणेला कळवा.