माणकांची किंमत नंतर, आधी १३ फेब्रुवारी

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आहे. ९ डिसेंबर २०२२ ला त्यांनी पुण्यातल्या एका सराफाकडून माणकांचा नेकलेस घेतला, बिल ४,१६,३२६ रुपयांचं. १४ फेब्रुवारी २०२४ ला लांबी कमी करायला गावातल्या दुसऱ्या सराफाकडे दिला, तेव्हा जोड देताना लागलेल्या जाळाने तीन माणकं पांढुरकी पडली. "काच भरलेले खडे आहेत, मोडीत दोन लाखही येणार नाहीत," असं तो म्हणाला. पुण्याचा सराफ तेव्हापासून "बदलून देतो" म्हणतोय. गेल्या नोव्हेंबरात मुंबईच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: माणिक, फटींमध्ये शिशाच्या काचेचा भराव. आता दागिन्याची खरी किंमत कोणाकडून ठरवून घ्यावी, असं त्या विचारतात. अशी पत्रं दर लग्नसराईनंतर येतात.

ताई, किंमत ठरवणाऱ्याचा शोध आज थांबवा. तुमचं प्रकरण किमतीवर नाही, तारखेवर उभं राहील किंवा पडेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. समोरचा वकील ही दोन वर्षं खरेदीच्या दिवसापासून मोजेल, म्हणजे मुदत डिसेंबर २०२४ मध्येच संपली म्हणेल. तुम्ही अहवालाच्या तारखेपासून मोजताय. आयोग बहुधा मधली, म्हणजे १४ फेब्रुवारी २०२४ ही तारीख धरेल, कारण खड्यात खोट आहे हे तुम्हाला त्या दिवशी कळलं. तसं धरलं तर तक्रार १३ फेब्रुवारी २०२६ च्या आत दाखल झालीच पाहिजे. सोबत विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडाच. पुरेसं कारण पटलं तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण ते सर्वस्वी त्याच्या मर्जीवर.

जवळजवळ दोन वर्षं तुम्ही सराफाच्या गोड बोलण्यावर काढलीत, याचा मला राग येतो. "बदलून देतो" या शब्दांनी मुदत थांबत नाही. नोटिशीनेही थांबत नाही, आणि ग्राहक आयोगात जायला वकिलाची नोटीस कायद्याने सक्तीची नाही. त्याचे व्हॉट्सॲप संदेश मात्र जपून ठेवा. ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह दाखल करा. त्या लेखी कबुलीमुळे मुदत नव्याने सुरू झाली असा युक्तिवाद करता येईल. टिकेलच असं मी सांगणार नाही.

आता किमतीचं. मोडीत कमी पैसे येणं हा दोष नव्हे. घडणावळ, जीएसटी आणि दुकानदाराचा नफा दागिना दुकानाबाहेर पडताच गेले, ते कोणी परत देत नाही. म्हणून "दोन लाखही येणार नाहीत" हा मुद्दा तक्रारीत पुढे करू नका. प्रयोगशाळेच्या अहवालात किंमत नसते आणि तुम्हाला ती लागतही नाही. बिलावर 'नैसर्गिक माणिक, ३१ कॅरेट, १,५५,००० रुपये' लिहिलंय आणि भरावाचा उल्लेख कुठेच नाही. वर्णनाप्रमाणे माल नाही, हीच तुमची तक्रार. मागणी खड्यांच्या या रकमेची, व्याजाची, तपासणीच्या आणि तक्रारीच्या खर्चाची करा.

तुमच्याच बिलात आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही पाहिलेली नाही. ग्रॉस (एकूण) वजन ४८.२०० ग्रॅम, नेट (नुसतं सोनं) ४४.५०० ग्रॅम, म्हणजे खड्यांसाठी ३.७०० ग्रॅम वजा. पण एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा ३१ कॅरेटचे ६.२०० ग्रॅम होतात. मधले अडीच ग्रॅम गेले कुठे? एक तर तेवढा खडा सोन्याच्या भावाने, बिलातल्या ५,००० रुपये दराने, १२,५०० रुपयांना तुमच्या गळ्यात मारला, नाही तर खडे ३१ कॅरेटचे नव्हतेच. दोन्हीपैकी काहीही असो, बिल त्याचंच आहे. हॉलमार्क दाखवून तो सुटू शकत नाही, कारण हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्यांबद्दल एक अक्षर सांगत नाही.

बिलामागची 'खड्यांचे पैसे परत मिळणार नाहीत' ही अट मोडीच्या वेळची आहे, चुकीच्या वर्णनाला ती ढाल होत नाही. पण "हा करार अनुचित आहे" अशी मागणी तक्रारीत घालू नका. त्या तक्रारी कायद्याने राज्य आयोगाकडे जातात, आणि अधिकारक्षेत्राच्या वादात तुमचं वर्ष जाईल. सदोष माल आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढ्यावर सांगली जिल्हा आयोगातच दाखल करा. तुम्ही राहता तिथे तक्रार चालते. ई-जागृती पोर्टलवरून करता येते. मोबदला, म्हणजे तुम्ही मोजलेली किंमत, पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही.

मला खरी भीती वेगळीच आहे. गावातल्या सराफाकडे तुम्ही नेकलेस आठ दिवस पावतीशिवाय ठेवलात. "खडे तिथेच बदलले," हा बचाव येणार, हे धरून चाला. त्या सराफाचं प्रतिज्ञापत्र या आठवड्यात घ्या: नेकलेस कोणत्या स्थितीत आला, माणकं कशाने पांढुरकी पडली, एकही खडा काढला नाही. नेकलेसवरचा सहा अक्षरांचा एचयुआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, बीआयएस केअर ॲपवर तपासून स्क्रीनशॉट ठेवा, म्हणजे दागिना तोच आहे हे तरी निर्विवाद राहील. यापुढे पॉलिश नाही, धुणं नाही, खडा सुटा करून दाखवणं नाही.

कलम ३८ खाली आयोगाने नेकलेस सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवावा, असा अर्ज तक्रारीसोबतच द्या. तुमच्या खासगी अहवालावर समोरचा आक्षेप घेईल, आयोगाने मागवलेल्या अहवालावर घेणं त्याला जड जाईल. तपासणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागेल. तपासणी लागणारं प्रकरण पाच महिन्यांत निकाली काढावं असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि सामान्य ग्राहकाची ही फरफट मला अजिबात मान्य नाही. पण त्या दिरंगाईला कंटाळून सराफाशी तोंडी तडजोड करू नका. पैसे देत असेल तर लेखी घ्या आणि चेकने घ्या, आणि ते खात्यात जमा होईपर्यंत तक्रार मागे घेऊ नका.