घरच्या घरी पारंपरिक फ्रेंच स्वयंपाक शिकायचा तर सुरुवात कोणत्या पदार्थापासून करावी?

कांद्याच्या सूपापासून. चौघांसाठी किलोभर कांदा पातळ उभा चिरा आणि 50 ग्रॅम बिनमिठाच्या बटरमध्ये अगदी मंद आचेवर पाऊण ते एक तास परता. घाई केली की कांदा कडेने करपतो, गोडवा उतरत नाही. सगळी चव त्या तासातच आहे. मग चमचाभर मैदा, सव्वा लिटर स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी), वर भाजलेला पाव आणि ग्रुयेर हे स्विस चीज. चीज तांबूस होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवा.

नंतर बेशामेल, म्हणजे दूध-मैद्याचा पांढरा सॉस: 30 ग्रॅम बटर, तेवढाच मैदा, अर्धा लिटर दूध. मैदा आधी बटरमध्ये परता, दूध थोडंथोडं घालून घोटत राहा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. यावर हात बसला की चीज सूफ्लेही (फेटलेल्या अंड्याने ओव्हनमध्ये फुगणारा हलका पदार्थ) जमेल.