जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या गणितातल्या अवघड प्रश्नांची तयारी कशी करावी?

नवीन सूत्रं पाठ करत बसू नका. ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेचे अधिकृत प्रश्न घ्या आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न स्पष्टीकरण न वाचता पुन्हा सोडवा. मी या परीक्षेची तयारी करून घेतो. त्रिकोणमिती, कॅल्क्युलस तिथे नसतंच. गोची होते ती न सांगितलेल्या शक्यतांमुळे. क्षचा वर्ग मोठा की घन? २ घातले की घन मोठा, १/२ घातला की वर्ग, म्हणजे उत्तर ‘ठरवता येत नाही’. म्हणून तुलनेच्या प्रश्नात ०, १, अपूर्णांक आणि ऋण संख्या घालून बघाच. मात्र गणिताच्या पहिल्या विभागात (१२ प्रश्न, २१ मिनिटं) एकाच प्रश्नाला चिकटू नका. दुसऱ्या विभागाची काठिण्यपातळी पहिल्यातल्या कामगिरीवरच ठरते. खूण करून पुढे जा, पण रिकामं काही सोडू नका, चुकीला गुण कापत नाहीत.