'द डार्क नाइट'मध्ये नैतिक खोली नेमकी कुठे आहे?

प्रश्न असा, की २००८ च्या या बॅटमॅनवरच्या सुपरहिरोपटाला लोक 'खोल' का म्हणतात. खलनायक जोकरची भाषणं बाजूला ठेवा आणि सरकारी वकील हार्वे डेंटचं नाणं बघा. सुरुवातीला त्याच्या दोन्ही बाजूंना छापच असतो, म्हणजे नशिबाचा आव आणून निर्णय तोच घेत असतो. स्फोटानंतर एक बाजू जळून काळी पडते. तेव्हापासून तो खरोखरच नाण्यावर सोडतो, आणि 'निवड माझी नव्हती' म्हणत माणसं मारतो. जबाबदारी झटकणं इतक्या छोट्या वस्तूतून दाखवलेलं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

दोन बोटींचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. जोकरने प्रत्येक बोटीवर दुसरी उडवायचं बटण ठेवलेलं, मुदत मध्यरात्रीची; तोवर कुणी दाबलं नाही तर तो दोन्ही उडवणार. सामान्य नागरिकांच्या बोटीवर मतदान होतं आणि बहुमत चक्क उडवण्याच्या बाजूने जातं! फक्त बटण दाबायला कुणाचा हात धजत नाही. कैद्यांच्या बोटीवर मात्र एक धिप्पाड कैदी ते यंत्र मागून घेतो आणि सरळ खिडकीबाहेर फेकतो.

बॅटमॅनही स्वच्छ राहत नाही. जोकरला शोधायला तो शहरभरच्या फोनवर पाळत ठेवतो. त्याला तंत्रज्ञान पुरवणारा सहकारी लुशियस फॉक्स एकदाच मदत करतो, पण हे यंत्र राहिलं तर राजीनामा, असं बजावूनच.

शेवट पुन्हा बघाल तेव्हा एवढंच तपासा: डेंटचे खून स्वतःवर घेऊन बॅटमॅन शहराला आशा देतो, की खोटं? माझ्या मते दोन्ही.