महापालिका अध्यादेश काढते का? उपविधी, ठराव आणि व्याख्येतलं 'म्हणजे'

प्रश्न असा आहे की एका बातमीत "महापालिकेने कचऱ्याबाबत अध्यादेश काढला" असं वाक्य आलंय, तर तिथे अध्यादेश बरोबर आहे का, नसेल तर उपविधी, ठराव, अधिसूचना यातलं काय वापरायचं, आणि असल्या नियमांच्या व्याख्यांत कुठे "म्हणजे" तर कुठे "यात समावेश होतो" असं वेगवेगळं का लिहितात.

अध्यादेश तर नाहीच. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर अध्यादेश केंद्रासाठी राष्ट्रपती काढतात, घटनेच्या कलम १२३ खाली, आणि राज्यासाठी राज्यपाल, कलम २१३ खाली, तेसुद्धा अधिवेशन चालू नसताना, आणि अधिवेशन परत भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. म्हणजे तो मुळात तात्पुरता कायदा आहे. महापौर, आयुक्त, सर्वसाधारण सभा, यांच्यापैकी कोणालाच तो अधिकार नाही. हा घोळ येतो ऑर्डिनन्स या इंग्रजी शब्दामुळे, अमेरिकेत शहराच्या कौन्सिलने मतदान करून केलेल्या कायमच्या स्थानिक कायद्यालाच ऑर्डिनन्स म्हणतात आणि आपल्या डिक्शनरीत ऑर्डिनन्सपुढे अध्यादेश लिहिलेलं असतं, मग तिकडची बातमी मराठीत येताना ऑर्डिनन्सचा अध्यादेश होतो आणि हळूहळू आपल्या पालिकांच्या बातम्यांतही तोच शब्द शिरतो. अमेरिकेच्या बातमीतसुद्धा मी "शहराचा कायदा" असंच लिहीन, कारण अध्यादेश म्हटलं की मराठी वाचकाला वाटतं सभागृहाला बाजूला ठेवून घाईने काढलेला हुकूम आहे, आणि तिथे घडलेलं असतं बरोबर उलट.

आपल्याकडे पालिका जो नियम स्वतः करते त्याला शब्द आहे उपविधी. बायलॉ. गंमत म्हणजे यातला 'बाय' हा दुय्यम या अर्थाचा नव्हताच असं व्युत्पत्ती सांगणारे बरेच जण मानतात, जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेत त्याचा अर्थ गाव, वस्ती, इंग्लंडमधल्या डर्बी, व्हिटबी या नावांच्या शेवटी तोच आहे, म्हणजे बायलॉ हा मूळचा गावाचा कायदा. पुढे इंग्रजीतच लोकांनी त्याचा अर्थ दुय्यम नियम असा घेतला आणि मराठीत तो 'उप' लावून आला. त्याआधी आणि अजूनही बऱ्याच संस्थांत पोटनियम हा शब्द चालतो, पोटकलम, पोटभाडेकरू यातला पोट, मला तो उपविधीपेक्षा जास्त आपला वाटतो आणि कळतोही पटकन, पण सरकारी कागदात आता उपविधीच रुळलाय.

इथे एक फरक नक्की लक्षात ठेवा. हौसिंग सोसायटीचे उपविधी आणि महापालिकेचे उपविधी, शब्द एकच पण वजन वेगळं. सहकारी संस्थेचे उपविधी हा सभासद आणि संस्था यांच्यातला करारासारखा मामला, त्यांना कायद्याचं बळ नाही असं सुप्रीम कोर्टाने १९६९ सालीच सांगितलंय. पालिकेचे उपविधी मात्र शहरातल्या प्रत्येकाला लागू, सही केलेली असो नसो. म्हणूनच ते करायची वाट लांब ठेवलीय. मसुदा तयार होतो, लोकांच्या हरकती-सूचना मागवतात, सर्वसाधारण सभा मंजूर करते, मग राज्य सरकारची मंजुरी लागते आणि राजपत्रात, म्हणजे सरकारच्या गॅझेटमध्ये, छापून येतं, तेव्हा कुठे तो लागू होतो. मुंबईसाठी १८८८चा कायदा आहे, बाकी महापालिकांना १९४९चा, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५चा, पण सरकारच्या मंजुरीशिवाय उपविधी नाही हे सूत्र सगळीकडे. आणि एवढं सगळं होऊनही मूळ कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर गेला तर कोर्ट तो अधिकारबाह्य म्हणून रद्द करू शकतं.

ठराव ही त्यामानाने रोजची गोष्ट. सभेने एखाद्या विषयावर घेतलेला निर्णय म्हणजे ठराव, रस्त्याला नाव देण्यापासून टेंडरपर्यंत काहीही, आणि नुसत्या ठरावाने नागरिकावर नवा दंड बसवता येत नाही, त्याला मागे कायदा किंवा उपविधी लागतो. सभेची भाषा मात्र एकदा शिकून घेण्यासारखी आहे कारण निर्णय काय झाला हे त्या शब्दांतच असतं. "उपसूचनेसह मंजूर" असं दिसलं तर मूळ प्रस्ताव वाचून उपयोग नाही, उपसूचना, म्हणजे त्यात सुचवलेली दुरुस्ती, शोधा, पुष्कळदा खरा बदल तिथेच असतो. "तहकूब" म्हणजे नंतर बघू. "दप्तरी दाखल" म्हणजे प्रस्ताव संपला, फाइल कपाटात गेली, बातमीत हे वाचून पुष्कळांना वाटतं की प्रस्ताव दाखल झाला म्हणजे पुढे सरकला, तसं नाहीये. इतिवृत्त "कायम" केलं म्हणजे मागच्या सभेचा वृत्तांत बरोबर आहे असं सभेने मान्य केलं. आणि "ठराव विखंडित" म्हणजे सभेने केलेला ठराव राज्य सरकारने रद्द केला, महापालिकांच्या १९४९च्या कायद्यातलं कलम ४५१ त्यासाठीच आहे. नगरपरिषदेत कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. निवडून आलेल्यांच्या जागी सरकारने नेमलेला प्रशासक असताना सभाच नसते, तेव्हा प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच हात असतो, मुंबईत मार्च २०२२ नंतर हेच झालं, तरी कागदावर शब्द ठरावच राहतो, म्हणून ठराव क्रमांकाबरोबर तो कोणी केला हेही बघायला पाहिजे.

अधिसूचना, ती सरकार राजपत्रात काढतं. २३ मार्च २०१८ची प्लास्टिकबंदी ही राज्य सरकारची अधिसूचना होती, पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड होता, महापालिकांचे लोक तो फक्त वसूल करत होते, तरी लोक म्हणायचे महापालिकेने बंदी घातली. चुकीचा शब्द वापरला की जाब विचारायला माणूस चुकीच्या दारात जातो, माझा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

आता व्याख्या. कायद्यात "म्हणजे" लिहिलं की कुंपण पडलं, दिलंय तेवढंच, बाहेरचं काही नाही. "यात समावेश होतो" लिहिलं की बोलीतला अर्थ आहेच, शिवाय हेही धरा. १९४९च्या कायद्यातली इमारतीची व्याख्या बघा, ती दुसऱ्या प्रकारची आहे, घर, गोठा, शेड, झोपडी, मग ते विटांचं असो, लाकडाचं, मातीचं, पत्र्याचं, माणूस राहत असो नसो, आणि पुढे व्हरांडा, ओटा, जोतं, दारातली पायरी, कंपाउंड वॉल आणि कुंपणसुद्धा. आपण बोलताना पायरीला कधी इमारत म्हणणार नाही पण या कायद्यापुरती ती इमारत आहे, त्यामुळे नोटीस आली आणि "ही काय इमारत आहे का, साधा ओटा आहे" असं कोणी म्हणालं तर ते टिकायला अवघड. तसंच उपद्रव. आपल्या तोंडी उपद्रव म्हणजे त्रास देणं, कायद्यात मात्र कृती तर आलीच पण एखादी गोष्ट न करणं, एखादी जागा, एखादी वस्तूही उपद्रव ठरू शकते, डोळ्यांना, नाकाला, कानांना त्रास होत असेल, झोपमोड होत असेल तरी. नागपूर महापालिकेचं उपद्रव शोध पथक आहे ना, त्या नावातला उपद्रव हा असा रुंद अर्थाचा आहे. आणि जवळजवळ प्रत्येक व्याख्याकलमाच्या सुरुवातीला "संदर्भानुसार वेगळा अर्थ अपेक्षित नसेल तर" अशा अर्थाचं वाक्य असतं, ते सगळे वगळून वाचतात, पण त्याचा अर्थ एखाद्या कलमात तोच शब्द वेगळ्या अर्थाने आलेला असू शकतो. जिथे व्याख्याच दिलेली नाही तिथे मात्र रोजच्या बोलण्यातला अर्थ घ्यायचा.

कधी कधी तर व्याख्येतच निर्णय असतो. केंद्राच्या २०१६च्या घनकचरा नियमांनी पालिकांना एका वर्षात आपापले उपविधी करायला सांगितलं होतं, आणि त्या नियमांत मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणारा, आपण बोलताना बल्क वेस्ट जनरेटर म्हणतो तो, म्हणजे दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणारी इमारत किंवा संस्था असं धरलं होतं. हा आकडा व्याख्येत होता, दंडाच्या किंवा जबाबदारीच्या कलमात नव्हता, पण कोणती सोसायटी त्या जबाबदारीत येणार आणि कोणती सुटणार हे त्या एका ओळीने ठरलं.

तर बातमीतलं वाक्य, कागदावर राजपत्राची तारीख आणि सरकारच्या मंजुरीचा उल्लेख असेल तर "महापालिकेचे कचऱ्याबाबतचे उपविधी लागू झाले" असं लिहा, सभेत नुसता मसुदा मंजूर झाला असेल तर "उपविधींच्या मसुद्याला सभेची मंजुरी", आणि आयुक्तांनी सहीनिशी काही काढलं असेल तर तो आदेश किंवा परिपत्रक. यातलं नेमकं कोणतं ते कागदाच्या वरच्या दोन-तीन ओळींत बहुतेक वेळा लिहिलेलं असतंच.